गोल्फ कोचिंगचं पॅकेज घेताय? आधी स्कोअरकार्ड काढा

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय माझ्यासाठी थोडा अवघड आहे, कारण यात माझेच पैसे गेलेत. माझे कमी, बाबांचे जास्त.

झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी नाशिकहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. वय २०, कॉलेजचं दुसरं वर्ष. म्हणाला, "दादा, मला प्रो गोल्फर व्हायचंय. एका अकॅडमीत वर्षाचं पॅकेज आहे, साडेतीन लाखांचं. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. भरू का?" मेसेज जेमतेम ४० सेकंदांचा. शेवटी मागून त्याच्या आईचा आवाज येतो, "जेवायला ये रे." मी तो मेसेज चार-पाच वेळा ऐकला. चार वर्षांपूर्वी मी याच जागी उभा होतो, आणि तेव्हा मी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

ज्यांनी गोल्फ फक्त रील्समध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी एक मिनिट. १८ होल असतात. प्रत्येक होल किती शॉटमध्ये संपवायचा हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. सगळ्या होलचे पार मिळवले की बहुतेक कोर्सवर ७२ होतात, कुठे ७० किंवा ७१. तुम्ही १८ होल ८० शॉटमध्ये संपवलेत तर तुम्ही पारच्या आठ वर आहात. जितके कमी शॉट तितकं चांगलं. बस. पुढे सगळं याच आकड्यांवर चालणार आहे.

माझं गोल्फ सुरू झालं ते कंपनीतल्या एका मित्रामुळे. एका शनिवारी तो मला पुण्यातल्या एका ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेला. पहिले वीस चेंडू हलले सुद्धा नाहीत. एकविसावा असा काही गेला, की आवाजच वेगळा आला. ज्यांनी तो आवाज ऐकलाय त्यांना कळेल. त्या दिवसापासून शनिवार-रविवार तिथेच. तीन वर्षांत मी बऱ्यापैकी खेळायला लागलो आणि लोक म्हणायला लागले, "अरे, स्विंग काय सुंदर आहे तुझा!" हे वाक्य लक्षात ठेवा, याचा हिशेब नंतर येईल.

चोविसाव्या वर्षी मी हिंजवडीतली नोकरी सोडली. माझ्याकडे अडीच लाख होते. बाबा तेव्हा नुकतेच बँकेतून रिटायर झाले होते. त्यांनी एका शब्दाने विरोध केला नाही. संध्याकाळी पासबुक घेऊन बसले, म्हणाले, "दोन वर्षं देतो. सहा लाखांपर्यंत. त्यापुढे माझ्यात ताकद नाही." आई काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात मात्र दोनाऐवजी चार पोळ्या होत्या.

आता पहिल्या वर्षाचा खर्च सांगतो. माझ्याकडे वही आहे, बँकेतल्या माणसाचा मुलगा आहे मी. आठवड्याला दोन लेसन, एका लेसनचे १८०० रुपये. आजारपण, पाऊस वगळून वर्षात ९२ लेसन झाले. १,६५,६०० रुपये. रेंजवर रोज शंभर चेंडूंची बकेट, ४०० रुपये, महिन्यातले २४ दिवस. १,१५,२०० रुपये. क्लब, बूट, ग्लोव्हज मिळून ७८,००० रुपये, आणि यातले बरेचसे क्लब सेकंडहँड होते. प्रत्यक्ष कोर्सवर १८ होलचे ३४ राउंड खेळलो. ग्रीन फी, कॅडी आणि जाणं-येणं धरून ८५,००० रुपये. आणि स्पर्धा फक्त तीन. प्रवेश फी, रेल्वे, लॉजचं भाडं धरून ५७,००० रुपये. एकूण झाले ५,००,८००.

हे आकडे माझे आहेत, तुमच्या शहरात वेगळे असतील. पण विभागणी बघा. शंभरातले छप्पन रुपये मी लेसन आणि रेंजवर घातले. स्पर्धांवर घातले साडेअकरा. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी प्रो होणार की नाही हे ठरणार होतं, तिच्यावर सगळ्यांत कमी. क्लब आणि बुटांपेक्षाही कमी!

तेव्हा मला हे दिसलंच नाही, कारण रेंजवर सगळं छान चाललं होतं. रेंजवर चेंडू मॅटवर ठेवलेला असतो. क्लब चेंडूच्या थोडा मागे जमिनीला लागला तरी मॅटवरून सरकून पुढे जातो आणि शॉट जवळजवळ नीट लागतो. तीच चूक खऱ्या गवतावर केली की क्लब मातीत रुततो आणि चेंडू जातो वीस यार्ड. रेंजवर चेंडू नेहमी सपाट जागेवर असतो, कोर्सवर कधी पायाच्या खाली, कधी वर, कधी झाडाच्या मुळापाशी. आणि रेंजवर एक शॉट चुकला की दुसरा चेंडू हजर. कोर्सवर तो चुकलेला शॉट कार्डावर लिहिला जातो. मॅट तुमच्याशी खोटं बोलते, पण इतक्या प्रेमाने बोलते की तुम्ही रोज ४०० रुपये देऊन ते ऐकायला जाता. [हसतो]

कोर्सवर खेळायचं तर आमच्यासारख्यांची अडचण अशी, की बहुतेक जुने कोर्स क्लबांचे किंवा लष्कराचे. सभासदत्व आपल्या आवाक्यात नाही. मी मग मित्राच्या वॅगनआरमधून पहाटे चारला निघून खारघरला जायचो. तिथला कोर्स सिडकोचा आहे, सभासद नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. डोंगराच्या कुशीत आहे, पावसाळ्यात तर बघत बसावं असा. पण पुण्याहून जाऊन-येऊन सगळा दिवस जातो, म्हणून मी आठवड्यातून एकदाही धड जायचो नाही. त्यापेक्षा घराजवळच्या रेंजवर लेसन घेणं सोपं वाटायचं. सोपं होतं म्हणूनच मी ते जास्त केलं, हे आता कळतंय.

आता हँडिकॅपबद्दल बोलू या. नाशिकच्या मित्रा, कान देऊन ऐक, कारण तुझ्या मेसेजमध्ये तू म्हणालास, "माझा हँडिकॅप ३ आहे, म्हणजे फक्त तीन शॉट कमी करायचेत." मीही अगदी हेच म्हणायचो. माझा तर २ च्या जवळ होता.

हँडिकॅप म्हणजे तुमची सरासरी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम. त्यात तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगले ८ घेतात, कोर्स किती अवघड आहे त्याचा हिशेब लावतात आणि त्या आठांची सरासरी काढतात. उरलेले १२ राउंड बाजूला. म्हणजे हँडिकॅप सांगतो तुम्ही चांगल्या दिवशी काय करू शकता. बारावीचे मार्क सांगताना आपण फक्त गणित आणि चित्रकला सांगावी तसं काहीसं.

माझं सांगतो. माझे सर्वांत चांगले आठ राउंड सरासरी ७४ चे होते. सगळे वीस धरले तर सरासरी ७७. आणि त्या तीन स्पर्धांमधले सहा राउंड वेगळे काढले तर ८०. माणूस तोच, क्लब तेच. ७४ वाला मी आरशात दिसायचो आणि ८० वाला मी स्पर्धेला जायचो.

दुसरीकडे काय असतं? आपल्याकडे पुरुषांची मुख्य व्यावसायिक टूर म्हणजे पीजीटीआय, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया. २००६ पासून आहे. सध्या तिचे अध्यक्ष कपिल देव आहेत, हो, तेच आपले कपिल पाजी. नेहमीची स्पर्धा चार दिवसांची, ७२ होल. दोन दिवस झाले की कट लागतो. वरचे साधारण पन्नास जण पुढे खेळतात, बाकीचे बॅगा भरतात. हा कट बऱ्याचदा पारच्या आसपास असतो, सोप्या कोर्सवर पारच्याही खाली जातो. म्हणजे दोन दिवसांत साधारण १४४. माझ्या स्पर्धेतल्या सरासरीने माझे झाले असते १६०. तीन शॉट कमी करायचे नव्हते, दोन दिवसांत सोळा शॉट कमी करायचे होते. आणि तेही फक्त पैसे मिळण्याच्या रांगेत उभं राहण्यासाठी.

कारण ज्याचा कट चुकला त्याला बक्षिसाचा एक रुपयाही मिळत नाही. एक कोटी बक्षिसाच्या स्पर्धेत पहिल्याला साधारण १५ लाख मिळतात. पेपरात तोच आकडा छापून येतो आणि आपण तोच बघतो. खाली जाल तसे आकडे भराभर उतरतात. रेल्वे किंवा विमान, हॉटेल, कॅडी, जेवण हा सगळा खर्च मात्र पहिल्याला तेवढाच आणि शेवटच्याला तेवढाच. ज्यांना स्पॉन्सर नाही त्यांचं वर्ष कसं जात असेल याचा विचार करा. मी एका स्पर्धेच्या वेळी लॉजमध्ये दोन प्रोंच्या शेजारच्या खोलीत होतो. दोघांनी एक खोली घेतली होती आणि संध्याकाळी गॅलरीत इलेक्ट्रिक किटलीत मॅगी करत होते. दोघंही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले खेळायचे.

बरं, "प्रो होणं" म्हणजे नक्की काय, यातही गोंधळ आहे. ही सीएसारखी परीक्षा नाही. एका अर्थाने तुम्ही उद्या प्रो होऊ शकता. प्रो म्हणून स्पर्धेत उतरलात किंवा प्रोंच्या संघटनेचे सदस्य झालात की तुमचा हौशी दर्जा संपतो. टूरवर खेळायचं असेल तर क्वालिफाइंग स्कूल नावाची पात्रता स्पर्धा असते. आधी पूर्वपात्रता, मग अंतिम टप्पा, आणि शेकडो जणांतून मोजक्यांना त्या हंगामाचं कार्ड. एकदा हौशी दर्जा गेला की हौशी स्पर्धांची दारं बंद. परत हौशी व्हायचं तर अर्ज करा आणि थांबा.

यात एक सापळा आहे, तो सांगूनच ठेवतो. थोडं बरं खेळायला लागलं की सोसायटीतले काका म्हणतात, "आमच्या चिंटूला शिकव, तासाला पाचशे देतो." घेऊ नका. शिकवण्याचे पैसे घेतले तरीही हौशी दर्जा जाऊ शकतो, काही ठरावीक अपवाद सोडले तर. उलट २०२२ च्या नव्या नियमांनी एक सोय केलीय. हौशी खेळाडूलाही आता स्पॉन्सरशिप घेता येते, आणि नेहमीच्या स्पर्धेत ७०० पौंडांपर्यंतचं बक्षीस, अगदी रोख सुद्धा, घेता येतं. म्हणजे कुणी मदत करायला तयार असेल तर त्यासाठी घाईने प्रो व्हायची गरज उरलेली नाही. हे मला कोणत्याही लेसनमध्ये कुणी सांगितलं नाही.

कोचबद्दल मला जपून बोलायचंय. माझे कोच वाईट नव्हते. स्विंग त्यांनी खरंच सुधारला. पण पहिल्या वर्षाच्या शेवटी मी त्यांना सरळ विचारलं, "सर, मी प्रो होऊ शकेन का?" ते म्हणाले, "मेहनत चालू ठेव, मग बघू." मी ते "हो" असं ऐकलं. विचार करा, महिन्याला चौदा-पंधरा हजार देणाऱ्या मुलाला कोण म्हणेल, "नाही रे बाबा, तू नको येऊस"? खोटं ते बोलले नाहीत. मी चुकीच्या माणसाला चुकीचा प्रश्न विचारला. मी विचारायला हवं होतं, "सर, तुम्ही माझ्याबरोबर कोर्सवर याल का? माझं स्पर्धेतलं कार्ड बघाल का?" ९२ लेसनमध्ये ते कोर्सवर एकदाही आले नाहीत. मीही बोलावलं नाही, कारण त्याचे पैसे वेगळे पडायचे.

खरं काय ते सांगितलं एका कॅडी मामांनी. तिसऱ्या स्पर्धेत ते माझ्या बॅगेवर होते. साठीचे असतील. पहिल्या दिवशी "साहेब, साहेब" करत होते. दुसऱ्या दिवशी ८२ चं कार्ड सही करून मी पायरीवर बसलो, तर शेजारी येऊन बसले. म्हणाले, "बाळा, राग मानू नको. तुझा स्विंग झकास आहे. पण कार्डावर स्विंग लिहीत नाहीत. ग्रीनच्या जवळ आलास की तुझे हात थिजतात." एवढं बोलून बिडी पेटवली.

मी घरी येऊन हिशेबाला बसलो. सहाही राउंडचा प्रत्येक शॉट आठवून वहीत लिहिला. मामा बरोबर होते, पण अर्धेच. ग्रीनजवळ मी शॉट सोडत होतोच. पण त्याहून जास्त शॉट जात होते टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्याच फटक्यात. स्पर्धेत प्रत्येक राउंडला माझे दोन-तीन ड्राइव्ह झाडीत किंवा पाण्यात जायचे, आणि त्याचा दंड वेगळा.

यावर एक चांगलं काम आहे. कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी नावाचे प्राध्यापक आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या टूरवरच्या लाखो शॉटची मोजदाद अभ्यासली आणि 'स्ट्रोक्स गेन्ड' नावाची पद्धत बसवली. आज टीव्हीवर जे आकडे दिसतात ते तिथूनच आलेत. त्यांनी दाखवलं, की चांगल्या आणि साधारण खेळाडूत जो फरक पडतो त्यातला साधारण दोन तृतीयांश शंभर यार्डांपलीकडच्या शॉटमधून येतो. पट महत्त्वाचा, पण आपल्याला वाटतो तितका नाही. आणखी एक मजेशीर गोष्ट, आठ फुटांवरून जगातले उत्तम प्रो किती वेळा पट घालतात सांगा? निम्म्या वेळा. नाणेफेकच ती! टीव्हीवर मात्र जे आघाडीवर आहेत त्यांचेच, त्यातही आत गेलेलेच पट दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं हे कधी चुकतच नाहीत. तेव्हा आठ फुटांवरून चुकलात म्हणून पटिंगचं पॅकेज घेऊ नका. आधी मोजा, शॉट कुठे जातायत ते.

एका अमेरिकन माणसाची गोष्ट मी तेव्हा यूट्यूबवर रात्र-रात्र बघायचो. डॅन मॅकलॉफलिन, पोर्टलंडचा फोटोग्राफर. २०१० मध्ये, तिशीत, त्याने नोकरी सोडली. आयुष्यात १८ होलचा एकही राउंड खेळलेला नव्हता. ठरवलं, की दहा हजार तास सराव करायचा आणि प्रो व्हायचं. होलपासून एक फुटावरून पट मारण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू मागे सरकत गेला. कोच घेतले, प्रत्येक तास लिहून ठेवला. सहा हजारांवर तास झाले, हँडिकॅप २.६ पर्यंत आला. शून्यातून तिथे पोचणं म्हणजे खायचं काम नाही, बहुतेक गोल्फरांना जन्मात जमत नाही. मग २०१५ च्या सुमारास पाठीने दगा दिला आणि योजना तिथेच थांबली. मी त्याची गोष्ट "बघा, होऊ शकतं" म्हणून बघायचो. आज बघितली तर मला २.६ हा आकडा दिसतो, आणि तिथून टूर किती लांब आहे ते दिसतं. टूरवर टिकणारे खेळाडू शून्याच्याही पलीकडे असतात, 'प्लस' चार-पाच हँडिकॅपच्या घरात.

मग आपल्याकडचे जे पोचले ते कसे पोचले? अनिर्बान लाहिरी पुण्यात जन्मला. वडील लष्करात डॉक्टर, त्यांच्याबरोबर आठव्या वर्षापासून कोर्सवर. लष्करी छावण्यांमधले कोर्स त्याचं अंगण होते. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते; १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय प्रो. बंगळुरूजवळचा चिक्करंगप्पा लहानपणी कोर्सवर चेंडू गोळा करायचा. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो ऐन वेळी अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर. पण त्या राखीव जागेत उभं राहायला त्याआधी किती वर्षं टूरवर काढावी लागली होती! या सगळ्यांमध्ये मला एकच गोष्ट सारखी दिसते. ते लहानपणापासून कोर्सवर होते, कुणी वडिलांमुळे, कुणी पोटासाठी. कॅडींना तर क्लब बंद असेल त्या दिवशी खेळायला मिळायचं, तेही जुन्या क्लबांनी, आपापसात पैजा लावून. पाच रुपयांची पैज, आणि खिशात पाचच रुपये. असा दबाव कुठल्या पॅकेजमध्ये मिळतो?

याचा अर्थ लेसन घेऊ नका असा नाही. मी आजही घेतो. पण कसे घ्यायचे ते मला आता कळलंय. आठवड्याला दोन लेसन हा वेडेपणा होता. एक बदल अंगात मुरायला काही आठवडे लागतात. मंगळवारी सांगितलेलं बसायच्या आत शुक्रवारी नवीन काहीतरी यायचं. डोक्यात सहा सूचना घेऊन मी टीवर उभा राहायचो. पंधरा दिवसांनी एक लेसन, आणि जाताना हातात एकच प्रश्न, तोही कार्डावरून आलेला: "गेल्या चार राउंडमध्ये माझे सात ड्राइव्ह उजवीकडे गेलेत, का?" असा प्रश्न नेला की कोचही वेगळंच शिकवतो, हे मी अनुभवलंय.

वर्षाचे पैसे एकदम भरू नका. सूट मिळते, खरंय. पण सूट मिळते कारण बरेच जण मध्येच यायचे थांबतात, जिमसारखं. महिन्याचे किंवा चार लेसनचे भरा. कोचने नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचं प्रशिक्षण घेतलंय का विचारा, विचारण्यात काही लाज नाही. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी स्पर्धा कोण खेळतं ते विचारा आणि शक्य असेल तर त्यांना फोन करा. कोर्सवर येणार का, किती वेळा, हे आधीच ठरवा. मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतील का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आणि कुणी "दोन वर्षांत प्रो बनवतो" म्हणालं तर चहा प्या, नमस्कार करा आणि घरी या.

माझं पुढे काय झालं? दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी पूर्वपात्रता खेळलो. ७८ आणि ८३. दुसऱ्या दिवशी बाराव्या होलवर दोन चेंडू पाण्यात घातले आणि तिथेच कळलं. विशेष म्हणजे रडू आलं नाही, भूक लागली. स्टेशनवर वडापाव खाल्ला आणि बाबांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. कधी पोचतोयस?" एवढंच. त्यानंतर आमच्यात या विषयावर जे बोलणं झालं ते दोन वाक्यांचं. मी म्हणालो, महिन्याला १२ हजार परत देईन. ते म्हणाले, नको. मी तरीही देतो. त्यांनी त्याची वेगळी आरडी उघडलीय, असं आईने मला गुपचूप सांगितलं.

मी परत नोकरीला लागलो. रविवारी खेळतो, महिन्यातून एक लेसन. गंमत म्हणजे स्पर्धेतली माझी सरासरी आता ७७ वर आलीय, तेव्हापेक्षा तीनने चांगली, आणि रेंजवर मी आठवड्यातून एकदाच जातो.

नाशिकच्या मित्राला मी हो किंवा नाही म्हटलेलं नाही. तो वीस वर्षांचा आहे, मी चोविसाव्या वर्षी सुरू केलं होतं, त्याच्या घराजवळ कोर्स आहे, माझ्या नव्हता. कोण जाणे. मी त्याला एवढंच सांगितलं, की एफडी आत्ता मोडू नकोस. घराबाहेरच्या कोर्सवर, अनोळखी लोकांबरोबर, तीन हौशी स्पर्धा खेळ. एकही शॉट माफ न करता सगळी कार्डं मला पाठव, आणि तीच बाबांनाही दाखव. तीन स्पर्धांचा खर्च पॅकेजच्या पाचव्या हिश्श्याहून कमी येईल.

काल रात्री पहिल्या स्पर्धेच्या पहिल्या दिवसाचं कार्ड आलं. फोटो थोडा हललेला, कडेला कॅडीचा अंगठा दिसतोय. ८१. खाली त्याने लिहिलंय, "दादा, पहिले नऊ ३७ होते." म्हणजे पुढचे नऊ ४४. मी विचारलं, दहाव्या होलवर काय झालं? दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून आलेलं नाही. उद्या सकाळी सात वाजता त्याचा दुसरा राउंड आहे.